‘बळी होत्या, नेत्या नव्हत्या’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कॅनडातील आदिवासी स्त्रियांचे हक्क आणि नेतृत्व हा विषय माध्यमिक शाळेत कसा शिकवावा, यावरील माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ‘बाई, थोडा अभ्यास वाढवा’ या वाक्याने सुरुवात करायची, मग ‘सहानुभूतीचा बाजार’ आणि ‘गोऱ्यांच्या अपराधगंडाची री ओढणे’ असे शब्द फेकायचे, आणि शेवटी ‘राग मानू नका’ म्हणून हात झटकायचे, याला मतभेद म्हणत नाहीत. ही हेटाळणी आहे. मी आधी भारतात आणि नंतर येथे ब्रिटिश कोलंबियात आयुष्याचा मोठा भाग वर्गात उभे राहून इतिहास शिकवण्यात घालवला आहे. हा विषय सोळा वर्षांच्या मुलांसमोर मांडताना कोणत्या प्रश्नाला वर्ग गप्प होतो आणि कोणत्या प्रश्नाला पेटून उठतो, हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. अभ्यासाचा सल्ला देणाऱ्याने निदान स्वतःचे नाव लिहिण्याचे सौजन्य दाखवावे, एवढी अपेक्षा मी करू शकते.

तुमची एक गोष्ट मान्य करते. लेखाची सुरुवात मी बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थ टांगल्या जाणाऱ्या रिकाम्या लाल पोशाखांपासून केली, त्यामुळे पहिला भाग जड झाला. तो पुढे घेता आला असता. मात्र हा मांडणीचा प्रश्न आहे आणि त्यावरून लेखाचा हेतू ठरवण्याचे कारण नाही.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. तुम्ही लिहिता: ‘या स्त्रिया बळी होत्या, नेत्या नव्हत्या, नेत्या असत्या तर त्यांच्याच लोकांनी त्यांना विरोध केला असता का?’ संपूर्ण प्रतिक्रियेत उत्तर देण्याजोगे वाक्य हे एकच आहे आणि त्यात दडलेले गृहीतक इतके चुकीचे आहे की त्याचे सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

प्रथम कायदा पाहा. 1869 च्या कायद्याने अशी तरतूद केली की जी आदिवासी स्त्री बाहेरच्या पुरुषाशी लग्न करील तिचा ‘इंडियन’ म्हणून असलेला कायदेशीर दर्जा जाईल. 1876 च्या ‘इंडियन ॲक्ट’ने ती तरतूद कायम ठेवली आणि 1951 च्या दुरुस्तीनंतर ती कलम 12(1)(ब) या नावाने ओळखली जाऊ लागली. दर्जा गेला म्हणजे रिझर्व्हवर, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, राहण्याचा हक्क गेला, तेथील मालमत्तेचा वारसा गेला, जमातीच्या कारभारातील मत गेले आणि मरणानंतर आपल्या माणसांशेजारी दफन होण्याचा अधिकारही गेला. आदिवासी पुरुषाने बाहेरच्या स्त्रीशी लग्न केले, तर त्याचे काहीच जात नसे. उलट त्याच्या पत्नीला त्याचा दर्जा मिळत असे. हे 1985 पर्यंत चालले.

या कायद्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मेरी टू-ॲक्स अर्ली या क्वेबेकमधील कानावाके रिझर्व्हवरील मोहॉक या आदिवासी राष्ट्राच्या स्त्री होत्या. ज्या मैत्रिणीला रिझर्व्ह सोडून जाण्यास सांगण्यात आले होते, तिच्या 1966 मधील मृत्यूनंतर त्यांनी या प्रश्नाला वाहून घेतले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते. 1967 मध्ये त्यांनी संघटना उभारली आणि पुढच्या वर्षी स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या शाही आयोगापुढे साक्ष दिली. 1975 मध्ये मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय महिला परिषदेला त्या गेल्या असतानाच त्यांना घर सोडण्याची नोटीस बजावण्यात आली. त्या तेथेच जगासमोर बोलल्या आणि ती नोटीस मागे घ्यावी लागली. 1983 च्या घटनाविषयक परिषदेत त्यांना बोलता यावे म्हणून क्वेबेक प्रांताचे प्रीमियर (सरकारप्रमुख) रेने लेवेक यांनी आपली जागा त्यांना दिली. 1985 मध्ये कायदा बदलल्यानंतर दर्जा परत मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. एवढे सगळे करणाऱ्या व्यक्तीला केवळ ‘बळी’ म्हणून बाजूला सारायचे असेल, तर नेतृत्व या शब्दाने तुम्ही नेमके कशाला ओळखता, हे तुम्हीच सांगा.

राहिला ‘त्यांच्याच लोकांनी’ केलेल्या विरोधाचा मुद्दा. विरोध झाला, आणि तो मी लपवलेला नाही. मूळ लेखाचा तिसरा परिच्छेद तुम्ही वाचला असता तर तो तुम्हाला दिसला असता. ओंटारिओतील मॅनिटूलिन बेटावरील विक्वेमिकाँग रिझर्व्हच्या, अनिशिनाबे या आदिवासी समाजातील जेनेट कॉर्बिएर लाव्हेल यांनी लग्नानंतर दर्जा गेल्यावर न्यायालयात दाद मागितली. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल त्यांच्याविरुद्ध दिला आणि त्या खटल्यात नॅशनल इंडियन ब्रदरहुड ही आदिवासींचीच राष्ट्रीय संघटना त्यांच्या विरोधात उभी होती. पण का उभी होती, हा प्रश्न तुम्ही विचारत नाही. 1969 मध्ये केंद्र सरकारने संपूर्ण ‘इंडियन ॲक्ट’ रद्द करून आदिवासींचे वेगळे स्थान संपवण्याचा प्रस्ताव आणला होता आणि तो मोठ्या संघर्षानंतर मागे घ्यावा लागला होता. एक कलम न्यायालयात पडले तर त्यापाठोपाठ सारा कायदा आणि त्याबरोबर जमिनीचे संरक्षणही पडेल, ही भीती त्यामुळे अगदी ताजी होती. रिझर्व्हवर घरे अपुरी होती, जमीन मर्यादित होती आणि परत येणाऱ्या स्त्रियांसाठी जादा निधी मिळेल याची हमी कोणी देत नव्हते. सरकारने निर्माण केलेल्या टंचाईचे ओझे स्त्रियांच्या माथी मारले गेले, असे मी म्हणेन. पण यावरून त्या स्त्रिया नेत्या नव्हत्या, असा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्राने निघतो?

शिवाय ज्या बँड कौन्सिलांना, म्हणजे ‘इंडियन ॲक्ट’खालील जमातींच्या (बँडच्या) कारभारी मंडळांना, तुम्ही ‘त्यांचेच लोक’ म्हणता, त्या कोठून आल्या याचाही विचार करा. हॉडेनोशोनी लोकांत, म्हणजे मोहॉकांसह सहा आदिवासी राष्ट्रांच्या संघात, कुळमाता (कुळाच्या ज्येष्ठ स्त्रिया) प्रमुखांची निवड करीत आल्या आहेत आणि कर्तव्य चुकलेल्या प्रमुखाला पदावरून दूरही करीत आल्या आहेत. 1924 मध्ये ओंटारिओतील सिक्स नेशन्स या त्यांच्या रिझर्व्हवर सरकारने ही परंपरागत परिषद बाजूला सारून निवडणुकीची कौन्सिल लादली आणि त्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार कायद्याने फक्त पुरुषांना होता. बँड निवडणुकांत स्त्रियांना मत मिळाले ते 1951 मध्ये. नेता निवडणाऱ्या स्त्रियांचा अधिकार आधी कायद्याने काढून घ्यायचा, त्याच कायद्याने घडवलेल्या कौन्सिलने विरोध केला की त्याला समाजाचा कौल ठरवायचे, आणि तो कौल शाळेतल्या मुलांना पुरावा म्हणून द्यायचा, हे मला शिक्षक म्हणून जमणार नाही.

न्यू ब्रन्सविक प्रांतातील टोबिक रिझर्व्हवरील स्त्रियांचे उदाहरण तर तुम्ही पूर्णपणे गाळले आहे. 1977 मध्ये घराच्या प्रश्नावरून त्यांनी बँडच्या कार्यालयात ठाण मांडले. 1979 मध्ये मुलाबाळांसह त्या क्वेबेकमधील ओकाहून ओटावाच्या संसदेपर्यंत चालत गेल्या. त्यांच्यातील सँड्रा लव्हलेस यांनी आपली तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे नेली आणि 1981 मध्ये त्या समितीने कॅनडाने नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भंग केल्याचा निर्णय दिला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दार लावल्यानंतर जगाच्या व्यासपीठावर आपल्या सरकारला उत्तर देण्यास भाग पाडणे हे काम बळी करीत नाहीत. ते राजकीय आकलन असलेल्या, एकमेकींना धरून राहिलेल्या स्त्रिया करतात.

हे मी मुलांना कसे शिकवते, तेही सांगते, कारण ‘तुम्ही रडवता, शिकवत नाही’ हा तुमचा आरोप मला सर्वाधिक लागला आहे. मी वर्गाला एक भाऊ आणि एक बहीण देते. दोघांचे आईवडील तेच, घर तेच, लग्नेही दोघांनी बाहेर केलेली. सोबत फक्त कलमाचा मजकूर देते आणि 1970 मध्ये दोघांच्या कुटुंबांत कोणाकडे काय राहिले, हे मुलांनी स्वतः मांडायचे असते. मग 1985 च्या दुरुस्तीचा मजकूर देते. बहिणीला दर्जा परत मिळाला तरी तिच्या नातवंडांचा हक्क भावाच्या नातवंडांपेक्षा कमकुवत कसा राहिला, हे त्या मांडणीतून मुलांनाच दिसते. ती विषमता दूर करणाऱ्या तरतुदी पूर्णपणे लागू व्हायला 2019 साल उजाडले. या तासाला मी कोणालाही रडताना पाहिलेले नाही. रागावलेली, आकडेमोड पुन्हा तपासणारी, ‘मग संसदेने हे तेव्हाच का सुधारले नाही’ असे विचारणारी मुले मी पाहिली आहेत. माझी एक विद्यार्थिनी स्वतः अशा एका आजीची नात होती. तिने तासानंतर मला एवढेच सांगितले की आजीबद्दल घरात नेहमी हरवलेल्या गोष्टी ऐकल्या होत्या, तिने काय मिळवले ते प्रथमच कागदावर पाहिले. तुमच्या मते हीसुद्धा सहानुभूतीचीच विक्री असेल, तर आपल्यातील चर्चा येथेच थांबते.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. स्थलांतरितांच्या मुलांना याच्याशी काय देणेघेणे, असे तुम्ही विचारता. येथील नागरिकत्वाच्या शपथेत आदिवासींच्या हक्कांचा आणि सरकारशी झालेल्या करारांतून त्यांना मिळालेल्या हक्कांचा उल्लेख 2021 पासून आहे. ती शपथ आपल्यासारखेच लोक घेतात. भारतातील आदिवासी स्त्रियांवर मी आधी लिहावे, ही सूचना चर्चेची दिशा बदलण्यासाठी आहे, म्हणून तिच्यात शिरत नाही. अभ्यासक्रमात यासाठी वेळ नाही, हे तर सरळ चुकीचे आहे: ब्रिटिश कोलंबियात 2023-24 पासून आदिवासी विषयांवरील अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय शालान्त पदवीच मिळत नाही.

मुलांच्या वयाला हिंसाचाराचा विषय झेपणार नाही, हा तुमचा शेवटचा आक्षेप. त्या विषयावरील राष्ट्रीय चौकशीचा अहवाल 2019 मध्ये आला आणि त्यात न्यायासाठी 231 मागण्या आहेत. मी मुलांना गुन्ह्यांचे तपशील देत नाही. वाहतूक, घरे, पोलिसांची जबाबदारी अशा विषयांवरील निवडक मागण्या देते आणि त्यांपैकी कोणती पूर्ण झाली याचा शोध घ्यायला सांगते. पालकांना त्याची आगाऊ कल्पना असते. तो तास मी यंदाही घेणार आहे.