ऐंशीच्या पुढं गाडी नाचते

काहून बे, एवढी दोन-अडीच टनाची गाडी अन् काटा ऐंशीच्या पुढं गेला की स्टिअरिंग असं थरथरते जसं हिव भरलं. शंभरच्या वर नेली की ते जरा शांत, मंग सीट हालाले लागते. यवतमाळहून वर्धेकडं निघालं की चांगला रस्ता लागल्याचा आनंदच नाई, गावच्या खड्ड्यात तं समजतच नाई काय हालून रायलं.

टायरवाल्याकडं गेलो की तो पयले अलाइनमेंटच, म्हंजे चाकं सरळ रेषेत लावाचं काम, करून देते. अरे भाऊ, अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूनं ओढते, टायर कडेनं घासते, थरथर बहुतेक बॅलन्सिंगची, म्हंजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं नसल्याची असते! स्टिअरिंग हाललं तं पुढचं चाक, सीट हालली तं मागचं, एवढं तं पाह्य. पण नाई. वरून पाणी मारते अन् चाक थेट मशीनवर. रिमच्या आतून पऱ्हाटीच्या वावरातली काळी माती वाळून घट्ट बसली हाय, ते कोण खरडन? तिच्यासकट बॅलन्स करते, शिशाचे तुकडे ठोकते, मशीनवर झिरो-झिरो दाखवते. चार दिवसानं ढेकूळ गळून पडते की झालं पुन्हा सुरू.

मंग म्हणते, टायरच बदला. चारही! २६५ मिलिमीटर रुंदीचे! कापसाचा भाव पाह्यला का बावा? रिम वाकली का ते फिरवून पाहाले पाच मिनिटं लागते, तेवढं नाई होत. अन् चाकाचे नट मशीनच्या गननं असे आवळते की रस्त्यात पंक्चर झालं तं पान्यावर उभं रायलं तरी खुलत नाई.