डिबेट हॅरिस जिंकल्या, पण पहिला प्रश्न तसाच राहिला

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी १० सप्टेंबर २०२४ ला फिलाडेल्फियात झालेल्या हॅरिस-ट्रम्प डिबेटचा विषय निघाला की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये स्थलांतरित लोकांची कुत्रीमांजरं खातात हा ट्रम्प यांचा दावा आणि हॅरिस यांनी ट्रम्प यांच्यापर्यंत चालत जाऊन केलेलं हस्तांदोलन. माझ्या मते डिबेट फिरली ती सीमेवरच्या घुसखोरीच्या प्रश्नावर. तेवढाच तुकडा परत बघा.

आधी नियम. नव्वद मिनिटं, समोर प्रेक्षक नाहीत, लिहून आणलेला कागद चालत नाही. उत्तराला दोन मिनिटं, प्रत्युत्तराला दोन. ज्याची पाळी नाही त्याचा माइक बंद (प्रत्यक्षात डिबेट घेणाऱ्या एबीसी वाहिनीने तो मधूनमधून उघडला). म्हणजे कुणी डिवचलं तरी राग गिळून थांबायचं, आणि अर्ध्या पडद्यावर तुमचा चेहरा सगळ्यांना दिसतच असतो.

तेव्हा उपाध्यक्ष असलेल्या हॅरिस यांना विचारलं होतं की सीमेवर कडक पावलं उचलायला निवडणूक सहा महिन्यांवर येईपर्यंत का थांबलात? प्रश्न अडचणीचाच होता. त्यांनी सीमेवरचा बंदोबस्त वाढवणारं विधेयक पुढे केलं, त्यात १,५०० जादा जवानांची तरतूद होती हे सांगितलं, ते ट्रम्प यांनीच पाडायला लावलं असा आरोप केला. आणि अगदी शेवटी म्हणाल्या, यांच्या सभांना एकदा जाऊन बघा, लोक कंटाळून लवकर निघून जातात.

सूत्रसंचालक डेव्हिड म्युअर यांनी ट्रम्प यांना विचारलं, विधेयक का पाडलंत? ते म्हणाले, आधी सभांचं बोलतो. तिथून गाडी थेट स्प्रिंगफिल्डला गेली, आणि असं घडल्याची खात्रीलायक माहिती नाही असं शहर प्रशासन म्हणतं, हे म्युअर यांना तिथल्या तिथे सांगावं लागलं. स्थलांतर हा ट्रम्प यांचा हुकमी मुद्दा. तो त्यांनी स्वतःच्या हाताने घालवला.

इथे जागा महत्त्वाची आहे. डिवचायचं ते उत्तराच्या शेपटाला. सुरुवातीलाच डिवचलं तर पुढच्या दीड मिनिटात समोरचा सावरतो. आणि आधी मुद्दा मांडलेला नसेल तर तो नुसता टोमणा राहतो. हॅरिस यांनी दोन्ही सांभाळलं. तयारी म्हणतात ती हीच.

पण त्यांची चूकही तेवढीच मोठी, आणि ती पहिल्याच प्रश्नाला झाली. चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांची परिस्थिती बरी आहे का? उत्तर सुरू झालं ते त्यांच्या मध्यमवर्गीय बालपणापासून, मग छोट्या उद्योगांना ५०,००० डॉलरची करवजावट. हो किंवा नाही शेवटपर्यंत आलंच नाही. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती. किराण्याचं बिल भरणाऱ्या माणसाला ‘हो, महागाईने तुमचे हाल झाले’ एवढं एक वाक्य ऐकायचं होतं. जवळपास ६.७ कोटी लोक बघत असताना ते सुटलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ट्रम्प यांच्याकडे यावरचा नेमका टोला होता. टॉस जिंकून त्यांनी शेवटचं बोलणं मागून घेतलं होतं, आणि तो टोला त्यांनी तिथे वापरला: साडेतीन वर्षं सत्तेत होतात, मग हे सगळं तेव्हाच का नाही केलंत? पहिल्या प्रत्युत्तरात हे आलं असतं तर हॅरिस यांना त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. शेवटच्या दोन मिनिटांत आलं, तेव्हा हॅरिस यांचं बोलणं संपलं होतं.