दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर: ‘रीळ साधं दिलं आणि महाग लाइन गळ्यात मारली’

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही मोघम देऊन चालणार नाही. तुमची तक्रार अशी: पाच नंबरच्या फ्लाय रॉडसाठी, म्हणजे कृत्रिम माशी (फ्लाय) फेकून मासे पकडायच्या काठीसाठी, परवडणारं रीळ मागितलं, तर आम्ही डिस्क ड्रॅगचं (चकत्यांच्या घर्षणाने माशाची ओढ रोखणारं) न देता कटकट वाजणारं साधं रीळ दिलं आणि वाचलेले पैसे लाइनवर, म्हणजे रिळावरच्या फेकायच्या दोरीवर, घालायला लावले. पहिलाच मोठा ट्राउट धागा तोडून गेला, लाइन वेटोळी घेत उतरते, हँडल नको त्या बाजूला आहे, आणि ‘धातू वाचवायला’ रिळाला भोकं पाडलीत.

आधी लाइनचं बोलू, कारण तोच सल्ला आम्ही उद्याही देऊ. नेहमीच्या गळात शिसं किंवा जड आमिष फेकतात, दोरी त्याच्यामागून जाते. फ्लायला वजन जवळपास नसतंच. फेकायची असते ती लाइन. पाच नंबर म्हणजे लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, साधारण ९ ग्रॅम. हे वजन टोकाकडे नीट उतरत गेलेलं नसेल किंवा लाइन रॉडच्या कड्यांतून सुळकन सरकत नसेल, तर रॉड कितीही चांगला असो, फेक पडत नाही. रिळाचा फेकीत काही हात नसतो. ओढ्यातला मध्यम ट्राउट तर बहुतेक जण हातानेच लाइन ओढत जवळ आणतात, रीळ फिरतही नाही. पैसे मोजके असताना काटकसर करायची ती रिळात, लाइनमध्ये नाही.

आता निसटलेला मासा. त्याचं वाईट आम्हालाही वाटलं, पण तो रिळामुळे गेला हे पटत नाही. तुमचा टिपेट (फ्लाय जिला बांधतात ती शेवटची बारीक दोरी) फाइव्ह एक्स मापाचा होता, म्हणजे जाडी ०.१५ मिलिमीटर आणि ताकद जेमतेम दोन किलोची. अशा धाग्यावर पाच किलोचा ड्रॅग घट्ट करून ठेवला असता, तर तो आणखी लवकर तुटला असता. साध्या रिळात स्प्रिंगने दाबलेला एक दात चक्रावर अडत जातो, कटकट त्याचीच. माशाला रोखणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. मासा झटक्यात पळाला की स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली चकरी, भरमसाट फिरून लाइनचा गुंता होऊ नये, एवढ्यासाठी तो आहे. जास्तीचा अडसर तळहाताचा. स्पूलची कड बाहेरून उघडी असलेलं रीळ आम्ही मुद्दाम निवडलं, म्हणजे मासा पळताना तिला हलकेच हात लावता येतो. आणि तुम्हीच लिहिलंय की परत आलेलं टोक ‘डुकराच्या शेपटीसारखं कुरळं’ होतं. असं टोक गाठ घसरल्याची खूण असते. गाठ आवळण्याआधी ओली करा, सावकाश आवळा, जादा टोक अगदी मुळाशी कापू नका.

वेटोळ्यांची तक्रार मात्र खरी आहे. या रिळाचा मधला दांडा बारीक आहे, त्यामुळे आतली लाइन लहान घेरात बसते आणि तोच आकार धरते. मोठ्या आर्बरच्या, म्हणजे जाड दांड्याच्या, रिळात हे कमी होतं, शिवाय एका फेऱ्यात जास्त लाइन गुंडाळली जाते. स्वस्तातही मोठा आर्बर मिळत असेल तर जरूर घ्यावा. तुमच्या रकमेत लाइनला धक्का न लावता तो बसत नव्हता. फेकण्याआधी लाइन दोन्ही हातांत धरून ताणून घेतलीत, तर बरीच सरळ होते.

भोकांबद्दल एवढंच, की ती जुनी आणि शहाणपणाची गोष्ट आहे. चार्ल्स ऑर्व्हिस यांनी भोकांच्या रिळाचं पेटंट १८७४ साली घेतलं. तेव्हाच्या रेशमी लाइन ओल्या राहिल्या की कुजत, त्यांना हवा लागणं गरजेचं होतं. आजच्या लाइन कुजत नाहीत, पण रीळ हलकं होतं हा फायदा आहेच.

तुम्ही न लिहिलेला एक दोष आम्हीच सांगतो. हे रीळ साच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमचं आहे. अखंड धातूतून कोरलेल्या रिळाइतकं ते दणकट नसतं. खडकावर आपटलं तर फ्रेम वाकते आणि स्पूल घासायला लागतं. पिशवीत घालूनच न्या.

शेवटी तुम्ही याच रिळावर समुद्रात जाऊन बघणार असं म्हटलंय. कृपा करून जाऊ नका. बोनफिशसारखा मासा एका धावेत शंभर मीटरहून जास्त लाइन ओढून नेतो. तिथे आठ नंबरचा रॉड, भरपूर बॅकिंग (लाइनच्या मागे जोडलेली राखीव बारीक दोरी) आणि खारं पाणी आत न शिरणारा बंद डिस्क ड्रॅग लागतो. तिथे रिळात काटकसर केली तर मासाही जातो आणि लाइनही.

हँडलची बाजू आतला दात उलटवून बदलता येते. त्याचे पैसे आम्ही घेत नाही. मग स्पूल उलटं फिरतं, म्हणून बॅकिंगसकट सगळी लाइन पुन्हा गुंडाळावी लागते. तेव्हा लाइन न उतरवता रीळ घेऊन या. स्पूलमध्ये जागा असेल तर त्याच वेळी बॅकिंग वाढवू, म्हणजे लाइनचा घेरही थोडा मोठा होईल. तरीही डिस्क ड्रॅगचंच हवं असेल, तर वरचा फरक भरून बदलून देऊ. फक्त टिपेट फाइव्ह एक्सच ठेवणार असाल, तर ड्रॅग सैल ठेवा.