थर्मोस्टॅट काढला की सायलेन्सर थंड? मामा, तो फॉरवर्ड आधी डिलीट करा

‘उन्हाळ्यात डिझेल गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाका, कूलंटऐवजी साधं पाणी भरा. इंजिन थंड, सायलेन्सर थंड, डीपीएफचा दिवा कायमचा बंद, वर मायलेज वाढेल.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय, मी दुर्लक्ष करत होतो. (कूलंट म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारं द्रव, आणि थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.) पण आमच्या अकोल्याच्या मामांनी त्यांच्या बीएस-६ गाडीचा थर्मोस्टॅट खरोखरच काढून घेतला, आणि आता त्यांचा डीपीएफचा दिवा विझायलाच तयार नाही. त्यामुळे हे लिहितोय.

सगळ्यात अचाट मुद्दा डीपीएफचा. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची काजळी अडवणारी जाळी. ती भरली की काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी आत ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. तेवढी तापवायला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, मुद्दाम उशिराने जास्तीचं डिझेल सोडतो. म्हणजे ज्या उष्णतेवर डीपीएफ साफ होतो, तीच घालवायला हा मेसेज सांगतोय! शिवाय कूलंट साधारण ७० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय बऱ्याच गाड्यांचा ईसीयू ही सफाई सुरूच करत नाही. थर्मोस्टॅट नसला की हायवेला, विशेषतः थंडीच्या सकाळी, तापमानाचा काटा वर चढतच नाही. मग सफाई नाही, काजळी साचते, दिवा लागतो. सफाई सुरू होऊन पुन्हापुन्हा अर्धवट तुटली, तर ते जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं ते वेगळंच.

आणि कूलंट दहा-वीस अंशांनी उतरलं म्हणून सायलेन्सर थंड होत नसतो. धूर किती तापेल हे डिझेल किती आणि कधी सोडलं, गाडीवर लोड किती, यावर ठरतं.

‘इंजिन जितकं थंड तितकं चांगलं’ म्हणणाऱ्यांनी गाडीतल्या बिघाडांचे कोड वाचणाऱ्या कुठल्याही स्कॅनरवर पी०१२८ हा कोड बघावा. सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेला हा कोड सांगतो की कूलंट थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाहीये. गाडी बनवणारेच थंड इंजिनाला बिघाड म्हणून नोंदवतात, यापुढे काय बोलायचं? मायलेजचंही तेच. गार इंजिन जास्त इंधन पितं.

जुन्या जीप आणि ट्रकवाले थर्मोस्टॅट काढून विदर्भातले उन्हाळे काढायचे, हे खरं आहे. त्या गाड्यांना ना सेन्सर होते ना डीपीएफ. तरी काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट उघडीच राहते, बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परततं आणि गाडी उलट जास्त तापते.

साध्या पाण्याचं म्हणाल, तर नुसतं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, हे कबूल. पण ते लवकर उकळतं, अ‍ॅल्युमिनियमला गंज चढवतं, आणि बोअरचं असेल तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात.

मेसेजच्या शेवटी एक ओळ आहे, तिचा मला खरा राग आहे: ‘काटा वर गेला तर लगेच झाकण उघडून गार पाणी ओता.’ अरे, काय सांगताय लोकांना! तापलेल्या रेडिएटरमध्ये दाब असतो, म्हणून शंभराच्या वर जाऊनही आतलं पाणी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते पाणी वाफ होऊन थेट तोंडावर येतं. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पूर्ण निवू द्या, मगच झाकणाला हात लावा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

मामा, नवा थर्मोस्टॅट गॅस्केटसकट बसवून घ्या, कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा. मग गाडी हायवेला काढा आणि मॅन्युअलमध्ये डीपीएफसाठी जो वेग आणि वेळ दिलाय तेवढी सलग चालवा. तरी दिवा गेला नाही तर स्कॅनर लावून सफाई करून घ्यावी लागेल.