फायटर मासा एकटेपणाने मरत नाही

'फायटर, म्हणजेच बेटा मासा, कधीही एकटा ठेवू नका. एकटेपणाने तो खंगतो, त्याचा रंग उतरतो, खाणं सुटतं आणि शेवटी तो मरतो. त्याला सोबत आणा. मादी मिळाली तर उत्तम, नाहीतर गप्पी किंवा गोल्डफिश सोडा. लहानपणापासून एकत्र वाढवले तर दोन नरही भांडत नाहीत.' काचेच्या बाउलमध्ये तळाशी बसलेल्या निळ्या माशाच्या फोटोखाली हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून फिरत असतो. तो पुढे पाठवणाऱ्यांना माशाविषयी माया असते, याबद्दल शंका नाही. पण हा सल्ला पाळला, तर ज्याला वाचवायचं तोच मासा आधी जखमी होतो आणि बऱ्याचदा सोबत्यासकट मरतो. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासून पाहू.

'एकटेपणाने खंगतो'

सोबतीची गरज असलेले मासे असतात. निऑन टेट्रा एकटाच ठेवला तर तो खरोखर बिथरतो, त्याला निदान सहा-सात जणांचा थवा लागतो. बेटा त्या जातीचा नाही. तो मूळचा थायलंडचा, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांचा आणि दलदलींचा. तिथे नर गवताच्या दाटीत एक जागा धरतो, पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि जवळ येणाऱ्याला हुसकावतो. त्यात माणसांनी त्याला झुंजीसाठी पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याला पाळायला निदान ४०० वर्षांपूर्वी सुरुवात झाली. आपल्या दुकानांत येणारा लांब परांचा, रंगीत बेटा त्याच पाळीव वंशातला आहे. त्याच्या स्वभावात मैत्री शोधणं म्हणजे आपली गरज त्याच्यावर लादणं.

तरीही फोटोतला मासा खोटा नाही. रंग उतरलेला, पर मिटलेला, तळाशी पडून राहणारा बेटा अनेक घरांत दिसतो. लक्षणं खरी आहेत, कारण चुकलं आहे. आणि हे कारण समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

बेटाच्या कल्ल्यांच्या वर एक घडीदार इंद्रिय असतं, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतो. म्हणूनच दुकानदार सांगतात की त्याला फिल्टर लागत नाही, बाउल पुरतो. गुदमरून तो मरत नाही हे खरं. पण त्याच्या विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून आणि त्याच्या स्वतःच्या कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया येत राहतो. हवेत श्वास घेता आला म्हणून अमोनियाने भाजणारे कल्ले वाचत नाहीत. दोन-तीन लिटरच्या बाउलमध्ये हा अमोनिया फार लवकर साठतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, पण नव्या टँकमध्ये हे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे टँक आणि मासा बहुधा एकाच दिवशी घरी येतात.

दुसरं कारण थंडी. बेटाला २५ ते २८ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. पुणे, नाशिक, नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि टेबलावरच्या छोट्या बाउलमधलं पाणी पहाटेपर्यंत बरंच गार होतं. माशाचं शरीर पाण्याइतकंच गार होत असल्याने त्याचं पचन मंदावतं, रोगाशी लढायची ताकद कमी होते, तो हलेनासा होतो. घरातल्या माणसाला तो उदास वाटतो. मुंबईत किंवा कोकणात हा त्रास कमी, देशावर आणि विदर्भात हिवाळ्यात छोटा हीटर हवाच.

मग सोबती आणल्यावर मासा सुधारला, असं सांगणारे खोटं बोलतात का? तसं मला वाटत नाही. सोबती आणायचा म्हटलं की लोक मोठा टँक आणतात, फिल्टर बसवतात, पाणी बदलतात. मासा त्याने सुधारतो आणि श्रेय सोबत्याला जातं. शिवाय समोर दुसरा मासा दिसला की बेटा सावध होतो, रंग गडद करतो, कल्ल्यांची झाकणं फुलवून नाचल्यासारखा फिरतो. ती धमकी असते. आरसा दाखवल्यावरही तो असंच करतो, कारण आरशात त्याला प्रतिस्पर्धीच दिसतो. दिवसभर असं करत राहावं लागलं तर तो थकतो.

'मादी आणा'

पैदास करणाऱ्यांना विचारा, नर आणि मादी ते कायमचे एकत्र ठेवत नाहीत. आधी मादीला काचेच्या नळीत किंवा बरणीत घालून नराच्या टँकमध्ये ठेवतात. नराने घरटं बांधलं आणि मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटले की मग तिला मोकळं सोडतात, तेही लपायला झाडं ठेवून आणि लक्ष ठेवून. अंडी घालून झाली की तिला लगेच बाहेर काढतात. तोपर्यंतही तिचे पर बऱ्याचदा फाटलेले असतात, कारण अंड्यांची राखण नर एकटा करतो आणि मादीला घरट्याजवळ फिरकू देत नाही. भातखाचरात ती पळून जाते. आपल्या टँकमध्ये ती कुठे पळणार?

नुसत्या माद्या एकत्र ठेवायची पद्धतही काही जण सुचवतात. माद्यांतही वरचढपणाची उतरंड असते, भांडणं होतात आणि महिनोन्‌महिने शांत असलेला गट अचानक बिघडू शकतो. नवशिक्याने या वाटेला जाऊ नये.

'लहानपणापासून एकत्र वाढवले तर'

एका विणीची भावंडं सुरुवातीला एकत्रच वाढतात, हे बरोबर. पण अडीच-तीन महिन्यांची झाली की नर एकमेकांवर तुटून पडू लागतात आणि पैदास करणारे प्रत्येकाला वेगळ्या बरणीत काढतात. दुकानातल्या त्या ओळीने मांडलेल्या बरण्या त्यासाठीच असतात. ओळखीने वैर मिटत असतं तर भावंडांना वेगळं काढायची वेळच आली नसती.

'गप्पी किंवा गोल्डफिश सोडा'

गोल्डफिशला बेटापेक्षा गार पाणी लागतं, तो घाण खूप करतो आणि मोठा होतो. विषय संपला. गप्पीच्या नराची रंगीत, फडफडणारी शेपटी बेटाला प्रतिस्पर्ध्यासारखी दिसते. टायगर बार्बचं उलट, तेच बेटाचे लांब पर कुरतडतात. गौरामी तर बेटाच्याच कुळातला, तोही हवेत श्वास घेणारा आणि जागा धरणारा.

याउलट 'बेटाबरोबर दुसरा कोणताही जीव राहूच शकत नाही' असंही काही लोक ठणकावून सांगतात, तेही बरोबर नाही. ६० लिटर किंवा त्याहून मोठा, झाडांनी भरलेला टँक असेल तर तळाशी राहणाऱ्या कोरीडोरसचा थवा, कुली लोच किंवा एम्बर टेट्रासारखे छोटे, लांब पर नसलेले मासे बऱ्याचदा निभावतात. गोगलगायही चालते, पण तिच्या लांब मिशा काही बेटा कुरतडतात. झिंगे तो बहुधा खाऊनच टाकतो. हे सगळं आपल्याला बघायला छान वाटतं म्हणून करायचं, बेटाला त्याची गरज नाही. प्रत्येक बेटाचा स्वभावही वेगळा. एक जण टेट्रांकडे बघतही नाही, दुसरा पहिल्याच रात्री दोघांचे पर फाडतो.

म्हणून सोबत द्यायचीच असेल तर बाकीचे मासे आधी सोडून त्यांना स्थिरावू द्या, बेटा शेवटी सोडा आणि पहिले काही दिवस दिवे मालवण्याआधी सगळ्यांचे पर नीट तपासा. वेगळं काढायला पाणी तयार असलेलं दुसरं भांडं हाताशी ठेवा. आणि फोटोतल्यासारखा बेटा आज तुमच्या घरात तळाशी बसला असेल, तर सोबती शोधायला बाहेर पडण्याआधी पाण्यात थर्मामीटर घाला, अमोनियाची टेस्ट किट आणा, निदान २० लिटरचा झाकणाचा टँक आणि मंद प्रवाहाचा स्पंज फिल्टर घ्या. रोज थोडं पाणी बदला, नळाच्या पाण्यात अँटिक्लोरिन (क्लोरिन काढणारं औषध) घाला आणि नवं पाणी टँकमधल्या पाण्याइतकंच कोमट असेल याची काळजी घ्या.