उकळून, गाळून, गप्प बसून

आज सकाळी पुन्हा ती भोंगा लावलेली रिक्षा फिरली. "नागरिकांनी पाणी उकळून, गाळून प्यावे." उकळून, मग गाळून! ज्यानं हे लिहून दिलं त्यानं जन्मात एकदा तरी पाणी उकळलंय का? आधी गाळायचं असतं हो. तुरटी फिरवायची, तासभर निवळू द्यायचं, वरचं पाणी चार पदरी स्वच्छ फडक्यातून गाळायचं आणि मग उकळायचं. उकळ्या फुटल्यावर एक मिनिट पुरे. त्याच भांड्यात झाकून गार करायचं आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानं घ्यायचं. उकळलेलं पाणी ओट्यावरच्या फडक्यातून गाळलं की फडक्यातले जंतू परत पाण्यात. म्हणजे गॅसही गेला आणि जुलाबही लागले. दोन शब्द होते, तेही उलटे.

आणि गॅस कुणाच्या बापाचा? पाच माणसांच्या घराला प्यायला-स्वयंपाकाला वीस लिटर धरा. तेवढं उकळायला रोज पाव किलोच्या आसपास गॅस जातो. १४.२ किलोची टाकी दोन महिन्यांत निव्वळ पाण्यावर संपली. पाणीपट्टी वेगळी, ती मार्चअखेरपर्यंत भरलीच पाहिजे, नाहीतर नळ तोडायला माणूस वेळेवर हजर.

रिक्षानं सांगायला हवं होतं ते वेगळंच. शेवटच्या नळाला क्लोरीन किती आलं? लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम मोकळा क्लोरीन घरच्या नळाला मिळायला हवा, मानकात लिहिलंय. पण तपासणी होते टाकीच्या पायथ्याशी, कारण तिथं सावली असते. नळीतल्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन ओळखणाऱ्या ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळं दिसलं की रजिस्टरात "योग्य". अरे, दहा सेकंदांच्या आत बघ की! पाण्यात सांडपाण्याचा अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशीच जोडला जातो. तो जोडलेला क्लोरीनही थोड्या वेळानं पिवळा रंग देतो, पण जंतू मारायला तो फारच मंद. पाच मिनिटं गप्पा मारून बघितलं की सगळंच योग्य. टीसीएल पावडरचंही, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचंही तेच. हजार लिटरला अडीच ग्रॅम हा हिशोब ताज्या, ३३ टक्क्यांच्या पावडरीचा. दमट खोलीत पोतं उघडं टाकून ती १० टक्क्यांवर आली तरी माप अडीच ग्रॅमच. पहिल्या पावसात नदी लाल झाली तरी तुरटीचा डोस मे महिन्यातलाच. तुरटीचा डोस ठरवायला जार टेस्ट करतात, ती म्हणजे वीस लिटरच्या जारची टेस्ट असं समजत असतील कदाचित.

त्या जारवाल्यांवरही लिहायचं होतं, पण राहू दे. पाण्यातला क्लोरीन काढून टाकायचा आणि ते गार पाणी न धुतलेल्या जारमध्ये भरून "शुद्ध" म्हणून विकायचं, एवढंच सांगून पुढं जातो.

पुढं म्हणजे गटारात. कारण नळाचा पाईप तिथूनच गेलाय. एक दिवसाआड तासभर पाणी सोडता, मग व्हॉल्व्ह बंद करता. लाईन रिकामी झाली की आत पोकळी होते आणि गळक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी पहिली दहा मिनिटं येतं ते हेच. त्यात थेट लाईनला मोटर लावणारे महाभाग! तुमची मोटर शेजाऱ्याचं पाणी ओढतेच, वर गटारही ओढते. तुमच्याच टाकीत.

असो. शब्दांचा क्रम चुकला म्हणून मी मराठीचा पेपर तपासल्यासारखा तडतडतोय आणि शेगडीवर पातेलं चढलंय. कुणाच्या सांगण्यावरून? त्याच रिक्षाच्या. गाळून ठेवलंय, एवढाच काय तो माझा विद्रोह.

पण मूळ दुखणं वर नदीत आहे. पंचगंगेत कोल्हापूरचा जयंती नाला मिसळतो, इचलकरंजीचा काळा ओढा मिसळतो. उन्हाळ्यात बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घातलेल्या, पाणी हलत नाही, वर केंदाळाची, म्हणजे जलपर्णीची गादी. खालचा प्राणवायू संपला की तेरवाडच्या बंधाऱ्याला मासे तरंगतात. मग पंचनामा! नमुना घ्यायला माणूस येतो दुसऱ्या दिवशी, बरगे काढून घाण शिरोळकडं वाहून गेल्यावर. विरघळलेला प्राणवायू प्रयोगशाळेत मोजायचा तर रसायनं टाकून तो नमुन्यात जागेवरच पक्का करावा लागतो. नमुना नुसताच बाटलीत भरून डिकीत टाकला तर आकडा कशाचा येणार? मग महापालिका उद्योगाकडं बोट दाखवते, उद्योग साखर कारखान्याकडं, कारखाना शहराच्या मैल्याकडं. नोटीस सगळ्यांना जाते, म्हणजे कुणालाच नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीनं हजारो लोक आजारी पडले, माणसं गेली. याचिका झाली, अहवाल झाले. नदीत मिसळणाऱ्या त्या नाल्यांच्या तोंडाशी कुणा एका जबाबदार माणसाचं नाव लिहिलेलं कुणी बघितलंय? कोल्हापूरनं २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाहून थेट पाईपलाईनचं पाणी आणलं. आनंद आहे, शहराची तहान भागली. सांडपाण्याला मात्र अशी थेट पाईपलाईन कुणी मागत नाही, ते आपलं जुन्याच वाटेनं खाली येतंय. आणि १९७४ च्या पाणी कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून केंद्रानं २०२४ मध्ये दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड ठेवला. सुरुवातीला काही राज्यांपुरताच, पण वारा कुठल्या दिशेचा ते कळलं.

गणपतीत मात्र सगळ्यांना नदी आठवते. निर्माल्याच्या टोपलीसोबत फोटो, हातमोजे, टोप्या. मागं नाला धो धो वाहतोय, तो तेवढा फ्रेममधून कापायचा.

रिक्षा आत्ता परत फिरली. उद्या पाणीच येणार नाही म्हणे, दुरुस्तीचं काम आहे. बरं झालं, गॅस वाचला.