एका धडकेपुरता नव्हता ब्रायन लिमा

सामोआचा माजी रग्बीपटू ब्रायन लिमा याने प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या एका धडकेची काही सेकंदांची चित्रफीत वर्षानुवर्षे फिरते आहे आणि तिच्यासोबत एक मजकूरही फिरतो. त्याचा आशय असा: लिमाची सारी कारकीर्द म्हणजे ही एक धडक, सामोआसारख्या चिमुकल्या देशात स्पर्धाच नसल्यामुळे त्याला पाच विश्वचषक खेळायला मिळाले, त्याच्याकडे ताकद होती, कौशल्य नव्हते, आणि शेवटी धसमुसळेपणामुळेच त्याच्यावर बंदी आली. यातला एकच मुद्दा अंशतः खरा आहे. उरलेले का टिकत नाहीत, ते क्रमाने पाहू.

आधी त्या धडकेविषयी. १ नोव्हेंबर २००३ रोजी ब्रिस्बेनमध्ये सामोआ आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात विश्वचषकाचा सामना होता. आफ्रिकेचा वीस वर्षांचा फ्लाय-हाफ, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू, डेरिक हाउगार्ड याच्या हाती चेंडू येतो न येतो, तोच बाहेरच्या बाजूने आत झेपावलेल्या लिमाने पूर्ण वेगात त्याला गाठले आणि हाउगार्ड अक्षरशः उडून पडला. चित्रफीत इथेच संपते, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की सामना सामोआने गाजवला असावा. प्रत्यक्षात सामोआ तो सामना १०–६० असा हरला. ज्याला लिमा समजून घ्यायचा आहे, त्याने त्या क्षणाच्या आधीचे दोन-तीन सेकंद पाहावेत. पास कोणाकडे जाणार हे त्याने चेंडू हवेत असतानाच ओळखले आहे, आपली जागा सोडण्याचा धोका पत्करला आहे, आणि चेंडू व माणूस एकाच क्षणी भेटतील असा धावण्याचा कोन साधला आहे. अंदाज अर्ध्या पावलाने जरी चुकला असता, तरी त्याच्यामागे मोकळे मैदान पडले असते. कबड्डीत चढाई करणारा नेमका कधी वळणार हे ओळखून पकड करणारा खेळाडू आपण पाहिलेला आहे; त्याला कोणी नुसता दांडगा म्हणत नाही.

शिवाय लिमाचे मूळ काम धडका देण्याचे नव्हतेच. तो विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू होता, आणि पुढे मधल्या जागी, सेंटर म्हणूनही खेळला. म्हणजे ट्राय करणे, अर्थात चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवून गुण मिळवणे, ही त्याची पहिली जबाबदारी होती, आणि विश्वचषकांत मिळून त्याच्या नावावर दहा ट्राय आहेत. १९९१ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, तो त्या स्पर्धेतला सर्वांत लहान खेळाडू होता. सामोआला तेव्हा पश्चिम सामोआ म्हणत आणि १९८७ च्या पहिल्या विश्वचषकाचे तर त्यांना निमंत्रणही नव्हते. त्या संघाने ६ ऑक्टोबर १९९१ रोजी कार्डिफमध्ये, वेल्सच्या घरच्या मैदानावर, वेल्सला १६–१३ असे हरवले. पुढे अर्जेंटिनावरच्या ३५–१२ अशा विजयात लिमाने दोन ट्राय केले आणि संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तेव्हा पीटर फाटिआलोफाच्या नेतृत्वाखाली खेळणारा हा पोरगेलासा विंगर पुढे ‘कायरोप्रॅक्टर’, म्हणजे आपल्या भाषेत हाडवैद्य, या टोपणनावाने ओळखला जाईल, असे कोणाच्या मनातही आले नसेल.

आता स्पर्धा नसल्याचा मुद्दा. हा दावा मला सर्वांत अन्यायकारक वाटतो, कारण तो केवळ लिमाला नव्हे, तर त्याच्या सगळ्या सहकाऱ्यांना कमी लेखतो. १९९१ च्या संघात त्याच्या शेजारी फ्रँक बन्स आणि तोओ वाएगा खेळत होते, आणि यातला बन्स पुढच्याच वर्षी न्यूझीलंडच्या संघात गेला. १९९९ मध्ये त्याच फळीत वाईंगा तुइगामाला होता, जो त्याआधी न्यूझीलंडकडून खेळून आला होता. ज्या देशाच्या बॅक्सना, म्हणजे मागच्या फळीतल्या या वेगवान खेळाडूंना, न्यूझीलंड स्वतःच्या संघात घेत असे, तिथे जागेसाठी चुरस नव्हती असे कसे म्हणायचे? आणि संघात शिरणे सोपे होते असे क्षणभर मानले, तरी सोळा वर्षे तिथे टिकणे त्यामुळे सोपे होत नाही. १९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाले आणि सामोआच्या खेळाडूंना पोटापाण्यासाठी परदेशी क्लब गाठावे लागले. लिमा न्यूझीलंडमध्ये हायलँडर्सकडून, वेल्समध्ये स्वान्सीकडून आणि इंग्लंडमध्ये ब्रिस्टलकडून खेळला, आणि तरीही १९९१, १९९५, १९९९, २००३ आणि २००७ या पाचही विश्वचषकांत तो सामोआच्याच निळ्या जर्सीत होता. हे जमलेला तो जगातला पहिला खेळाडू. इटलीच्या माउरो बर्गामास्कोने २०१५ मध्ये बरोबरी करेपर्यंत, ज्या देशांकडे पैसा, मैदाने आणि वैद्यकीय पथके यांची ददात नाही, त्यांच्याही एकाही खेळाडूला हे साधलेले नव्हते.

ताकदीच्या दाव्याला फार शब्द लागणार नाहीत. पॅसिफिक बेटांवरच्या खेळाडूंना जन्मजात बलदंड म्हणून टाकले की त्यांच्या सरावाचे आणि डोक्याचे श्रेय द्यावे लागत नाही, ही जुनी सवय आहे. त्याच काळातल्या न्यूझीलंडच्या धिप्पाड विंगर जोना लोमूशेजारी लिमा उभा राहिला, तर अंगापिंडाने लहानच दिसेल.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि इथे मी लिमाची बाजू घेणार नाही. २२ सप्टेंबर २००७ रोजी फ्रान्समधल्या नान्त येथे इंग्लंडविरुद्ध त्याने जॉनी विल्किन्सनला केलेला टॅकल, म्हणजे पाडण्यासाठी घातलेली झडप, खांद्याच्या वर गेला. तो धोकादायक होता आणि त्याबद्दल झालेली बंदी योग्यच होती. पण एका चुकीवरून सोळा वर्षांचा हिशेब मांडायचा, तर तोच हिशेब १९९१ च्या कार्डिफपासून मांडावा लागेल. आणि आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने २०११ मध्ये त्याला आपल्या सन्मान दालनात स्थान दिले, ते सगळा हिशेब मांडूनच. त्या बंदीची किंमत लिमाने लगेच मोजली. चारच दिवसांनी सेंट-एतियेन येथे सामोआने अमेरिकेला २५–२१ असे हरवून त्या विश्वचषकातला आपला एकमेव विजय मिळवला, तेव्हा पस्तीस वर्षांचा लिमा संघात नव्हता, आणि त्यानंतर सामोआची जर्सी त्याच्या अंगावर पुन्हा चढली नाही.